बेल्ट कुठला गं?

"काकू, ओ काकू! धुणं नंतर वाळत घाला, जरा भिंतीजवळ या की."

"काय गं, सकाळी सकाळी?"

"सईला कराटेला घालायचं म्हणतोय. नववं सरलं तिला. कुठला क्लास बरा?"

"बरी मला विचारतेस! दोन्ही नातवंडांच्या क्लासला मीच बसायला जायचे. शिंदेवहिनींच्या नातवाचं कळलं न्हवं? आठ वर्षांचा, अन् काळा बेल्ट!"

"स्टेटसला बघितलं. मिरवणूक तेवढी काढायची राहिली."

"अन् परवा आमच्या मोत्याला बघून तोच ब्लॅकबेल्ट आजोबांच्या कडेवर चढला."

"जाऊ द्या हो, पोर आहे."

"पोराला कोण नावं ठेवतंय? देणाऱ्याला ठेवतेय. तायक्वांदोत पंधराच्या आतल्याला 'दान' देतच नाहीत, 'पूम' देतात. पट्टा निम्मा लाल, निम्मा काळा. कराटेत ज्याचा त्याचा कारभार निराळा, एकाचा बेल्ट दुसरा मानेलच असं नाही. काही ठिकाणी तर दर तीन महिन्यांनी परीक्षा. परीक्षेची फी वेगळी, बेल्टचे पैसे वेगळे, सर्टिफिकेटचे आणि वेगळे."

"आम्हाला तर नुसती महिन्याची फी सांगितली!"

"म्हणून सगळं मिळून वर्षाचं किती, हे आधीच विचारायचं. वर्षाचे एकदम भरा म्हणाले तर म्हणायचं, महिनाभर येऊ दे, मग बघू."

"ह्यांचं म्हणणं, ऑलिम्पिकमध्ये असेल तेच शिकवू."

"मग कराटे गेलं की! टोकियोला होतं, 2024 ला पॅरिसात नव्हतं. ज्युदो, तायक्वांदो होते. पण सईला अजून दोरीवरच्या उड्या जमेनात, ऑलिम्पिक कुठं काढलंस?"

"ज्युदो म्हणजे नुसती आपटाआपटी ना?"

"आपटायच्या आधी पडायला शिकवतात. हनुवटी छातीला लावायची, हात गादीवर सपाट मारायचा, म्हणजे डोकं वाचतं. पोरांना खरं तेच लागतं बघ. रोज कोण त्यांच्या अंगावर चालून येतंय? सायकलवरनं मात्र रोज पडतात."

"आणि आपल्या पेठेतलं मर्दानी खेळाचं?"

"ते तर कोल्हापूरचं घरचंच. लाठी, दांडपट्टा, सगळं. पण आधी पवित्रे. पाय बसल्याबिगर वस्ताद दांडपट्ट्याला हात लावू देत नाहीत. बेल्ट नाही, सर्टिफिकेट नाही."

"मग स्टेटसला काय लावू?"

"ऐक. खेळ कुठलाही घे, शिकवणारा बघ. पुढच्या रांगेतली चुणचुणीत पोरं सगळेच दाखवतात. तू मागं उभं असलेलं पोर बघ, ज्याला डावा-उजवा कळत नाही. त्याच्याशी सर कसे बोलतात, त्यावर ठरव. कोपऱ्यावरच्या त्या क्लासात एक पोरगा रडला, तर सगळ्यांसमोर पन्नास बैठका काढायला लावल्या."

"अगं बाई! मी तिथनंच फॉर्म आणलाय."

"चुलीत घाल. अन् दार उघडं पाहिजे. 'पालक बसले की मुलांचं लक्ष उडतं' म्हणून दार लावून घेतात, तिथं पोरगी पाठवायची नाही. पकडी शिकायच्या त्या तिच्याच अंगापिंडाच्या पोरीबरोबर. ज्युदोत दोनदा थापटलं की समोरच्यानं सोडायचं. तसं 'नको' म्हटल्यावर सोडतात का, सरसुद्धा सोडतात का, ते बघायचं."

"हे सगळं एका दिवसात कसं दिसणार?"

"न सांगता गेलं की दिसतं. सांगून गेलीस तर सगळेच शहाणे. संध्याकाळी चल, मी येते. भाजी आणायला चाललोय म्हणायचं."

"चालेल. पण काकू, त्या बैठकांचं कुठं बोलू नका हं. फॉर्म आणलाय आम्ही, उगाच आमचं नाव यायचं."

"छे गं, मी कुणाला सांगतेय? शिंदेवहिनींना तेवढं कानावर घालते."