साडीचा रंग

जुन्या गाण्यांच्या मैफली दूरदर्शन पुन्हा दाखवू लागलं की काही घरांत एक वेगळाच ऋतू सुरू होतो. पंचांगात त्याची नोंद नसते आणि वेळही ठरलेली नसते. दुपारी चहाच्या आधी सहज सह्याद्री वाहिनी लावावी, तर समोर कृष्णधवल बैठक मांडलेली. मागे जाळीदार नक्षीचा पडदा, कुंडीत अजिबात न हलणारी फुलं, लोड असूनही त्याला न टेकता बसलेली गायिका, आणि या सगळ्याशी आपला काही संबंध नसल्यासारख्या चेहऱ्यानं अप्रतिम ठेका धरणारा एक तबलजी. गाणं सुरू होतं आणि बघणारे बोलू लागतात. एरवी मालिकेतला एक संवाद हुकला तर डोळे वटारणारी माणसं इथे अस्ताईपासूनच गप्पांना लागतात. याला मी पूर्वी बेपर्वाई समजत असे. आता वाटतं, ती जवळीक आहे. गाणं इतकं पाठ असतं की कानांना काम उरत नाही. मग डोळे हुंदडायला निघतात. पहिल्यांदा गायिकेकडे बघितलेलं असतं, आता बाकी सगळ्याकडे बघायचं असतं.

माझ्या दोन मावश्या या हुंदडण्यात पारंगत आहेत. थोरली पेणला दिलेली, धाकटी रोह्याला. मध्ये कासू, नागोठणे आणि निडी एवढीच स्टेशनं. पण गुडघ्यांच्या दृष्टीनं हे अंतर आता काशीयात्रेइतकं झालं आहे. त्यामुळे भेट होते ती फोनवर, आणि फोनला निमित्त लागतं ते सह्याद्रीचं. "अगं, लाव लवकर, लागलंय!" एवढंच थोरली म्हणते. काय लागलंय हे विचारायची गरज धाकटीला पडत नाही. मग दोघी आपापल्या टीव्हीचा आवाज बारीक करतात, फोन स्पीकरवर टाकतात आणि तासभर एकत्र बसतात, चाळीसेक किलोमीटरचं अंतर मधे ठेवून.

यात एक गंमत आहे. पेणला केबल आहे आणि रोह्याला गच्चीवर डिश. प्रक्षेपण एकच असलं तरी प्रत्येकाच्या डब्यातून चित्र बाहेर पडायला वेगवेगळा वेळ लागतो, आणि रोह्याचं चित्र पेणच्या चार-पाच सेकंद मागून येतं. पेणला समेवर पोचलेलं गाणं रोह्याला अजून समेच्या वाटेवर असतं. या चार-पाच सेकंदांत थोरली मावशी भविष्यवेत्ती होते. "आता बघ, तो व्हायोलिनवाला चश्मा सावरणार." आणि रोह्याहून खरोखरीची काकुळती येते, "ताई, आधी सांगू नकोस गं, बघू दे मला!" चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी सावरलेला चश्मा कुणी आधी सांगून टाकू नये, ही अपेक्षा मला फार हृद्य वाटते.

उशिरा मिळण्याची रोह्याला सवय असावी. रेल्वे तिथे १९८६ साली पोचली आणि पोचली ती तिथेच थांबली. पुढे कोकण रेल्वेचा पहिला टप्पा त्याच रोह्याहून १९९३ साली सुरू झाला, तोवर रूळ कुंडलिकेकाठी गावाचा पाहुणचार घेत बसले होते. टीव्हीचंही तसंच. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. वरळीच्या मनोऱ्यावरून निघालेल्या लहरींना पेण गाठतानाच दम लागे, आणि रोह्याच्या वाटेवर डोंगर आडवे. पडद्यावर मुंग्या येत. अँटेना वायव्येकडे वळवून वळवून एकदाचा चेहरा दिसू लागावा, तर 'व्यत्यय' अशी पाटी झळके. धाकटीच्या घरी टीव्ही आला तो वसंतराव देशपांडे गेले त्या वर्षी. ती तसंच सांगते. १९८३ हा आकडा तिला आठवत नाही आणि आठवायची गरजही वाटत नाही.

जुनी मैफल बघण्यातला अर्धा वेळ असा हजेरीत जातो. कॅमेरा रांगेवरून फिरू लागला की मावश्यांची कुजबुज सुरू होते. "हे गेले ना?" "केव्हाच." "आणि मागे झांज वाजवणारे?" "ते असतील गं, तेव्हा पोरसवदाच दिसतायत." सुधीर फडके २००२ साली गेले, श्रीनिवास खळे आणि भीमसेन जोशी दोघंही २०११ साली, अरुण दाते २०१८ साली, पण पडद्यावर ते ताजेतवाने असतात, धोतराची घडीही मोडलेली नसते. म्हातारे व्हायचं काम सगळं बघणाऱ्यांवर टाकून दिलेलं असतं. एखाद्या गायकाचं पहिलं दर्शन झालं की थोरली हमखास म्हणते, "किती लहान दिसतायत!" त्या वेळी ते तिच्याहून वीस वर्षांनी मोठे होते, आता ती त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठी आहे. तिच्या स्वरात त्यामुळे एक आईपण आलं आहे. यांना कुणी वेळेवर जेवायला घालत होतं की नाही, अशी काळजी त्यात असते.

थोरलीच्या शेजारी गणपतीचा कारखाना आहे. पेणला त्यात नवल नाही; घरामागे विहीर असावी तसा इथे कारखाना असतो, आणि तो भाद्रपदापुरता नसून वर्षभर चालतो. तिथल्या फळीवर एक टीव्ही आहे, मातीच्या भुकटीनं पांढरा झालेला. रंगाचे हात त्याच्या बटणाला लागत नाहीत, म्हणून जे लागलं असेल ते चालू राहतं. एकदा मी तिथे उभा असताना अशीच मैफल लागली होती. गायिका डोळे मिटून आळवत होती. आयुष्यभर देवाच्या डोळ्यांची आखणी करत आलेल्या एका म्हाताऱ्या कारागिरानं कुंचला थांबवला, पडद्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "बाईंचं बरं आहे. आखणीचा प्रश्नच नाही." मग पुन्हा मूर्तीकडे वळला. संगीतावरचा इतका नेमका अभिप्राय मी दुसरीकडे वाचलेला नाही.

पण मुख्य विषय साडीचा. एका जुन्या मैफलीवरून माझ्या मावश्यांत कैक वर्षं वाद चालू आहे. गायिकेचं नाव मी सांगत नाही, वाद वाढेल. थोरली म्हणते, तिनं हिरवी साडी नेसली होती. धाकटी म्हणते, निळी. कार्यक्रम कृष्णधवल आहे. आपल्याकडे टीव्हीवर रंग आले १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वर्षी, आणि ही बैठक त्याआधीची. पडद्यावर साडी राखाडी आहे, पदर गडद राखाडी आणि काठ त्याहून गडद राखाडी. तरीही पुनःप्रक्षेपण लागलं की दोघींना आपापला रंग लख्ख दिसतो. "बघ, हिरवीच." "ताई, डोळे तपासून घे, निळी आहे." मी एकदा म्हणालो की पडद्यावर कुठलाच रंग नाही. दोघींनी एकदम, चार सेकंदांचंही अंतर न ठेवता, मला गप्प केलं.

उलगडा केला तो पेणच्या काकांनी, अडकित्त्यावरची नजर न काढता. त्या काळी टीव्हीपुढे लावायचा प्लास्टिकचा रंगीत कागद मिळे. ज्यांना रंगीत टीव्ही परवडत नसे, किंवा देशात तो नव्हताच, त्यांची ती सोय. पेणला शेजाऱ्यांकडे तिरंगी कागद होता: वर निळा, मधे गुलाबीसर, खाली हिरवा. वर आभाळ, खाली शेत आणि मधे माणूस, असा जगाचा सरळ हिशेब. 'आमची माती आमची माणसं'ला तो कागद शोभून दिसे. गाण्याच्या बैठकीला मात्र गायकांचे केस निळे होत, आणि मांडी घालून बसलेल्या प्रत्येक बाईची साडी हिरवी. रोह्याला धाकटी ज्या वाड्यात टीव्ही बघायला जाई, तिथे डोळ्यांना त्रास नको म्हणून आख्खा निळा कागद होता. तिथे सगळं जगच निळं. काका म्हणाले आणि पुन्हा सुपारीला लागले.

वाद मिटायला हवा होता. थोरली म्हणाली, "कागद हिरवा होता हे खरं. पण साडीही हिरवीच होती." आणि मग जरा थांबून, "मी तशीच घेतली होती ना त्या दिवाळीला." फोनमधून रोहा हसलं. धाकटीनंही तशीच घेतली होती, निळी. एका लग्नात दोघी आपापली साडी नेसून शेजारी शेजारी उभ्या राहिल्या होत्या आणि दोघींनी पाहुण्यांना सांगितलं होतं की ही टीव्हीतल्या बाईंसारखी आहे. ती साडी खरी कुठल्या रंगाची होती ते त्या बाईंनाच ठाऊक. तिच्यापासून मात्र दोन साड्या जन्मल्या, एक भोगावतीकाठी आणि एक कुंडलिकेकाठी.

जे पुन्हा दाखवलं जातं तेही योगायोगानं उरलेलं असतं. टेप महाग होत्या. दूरदर्शननं एका टेपवर पुन्हापुन्हा नवं मुद्रण केलं आणि त्याखाली कितीतरी मैफली पुसल्या गेल्या. विलायतेतही तेच झालं. बीबीसीचा 'टॉप ऑफ द पॉप्स' हा लोकप्रिय गाण्यांचा कार्यक्रम. त्याचे १९७६ सालचे भाग त्यांनी २०११पासून पुन्हा दाखवायला घेतले, पण त्याआधीचे ढीगभर भाग पुसले गेलेले. १९६६ साली बीटल्स त्या स्टुडिओत प्रत्यक्ष येऊन गायले होते, तेही गेलं. उरली ती ११ सेकंदांची मूक फीत, कुणीतरी घरी टीव्हीसमोर कॅमेरा धरून टिपलेली. ती २०१९ साली उजेडात आली. म्हणजे एवढ्या मोठ्या संस्थेनं पुसलं आणि घरबसल्या प्रेक्षकानं राखलं.

म्हणून माझं एवढंच म्हणणं आहे. अशी मैफल लागली आणि घरातलं मोठं माणूस बोलू लागलं, तर त्याला गप्प करू नका. वही घेऊन शेजारी बसा. गायकाचं नाव सगळ्यांना माहीत असतं. व्हायोलिन कोण वाजवतंय, झांजेवर कोण आहे, ही नावं श्रेयनामावलीत भराभर सरकून जातात किंवा नसतातच, आणि ती सांगू शकणारी माणसं दरवर्षी कमी होत आहेत. ती नावं लिहून घ्या. साडीचा रंग मात्र ती सांगतील तोच लिहा.