एक्कावन्न रुपये प्राप्त झाले

आमच्या वाटूर फाट्यावर उभ्या असलेल्या माणसाचं भविष्य फार तर तीन प्रकारचं असतं: जालना, मंठा नाहीतर परतूर, आणि ते सांगायला कंडक्टर पुरतो. तरी मागच्या दिवाळीनंतर इथं आणखी एका भविष्यवेत्त्याची गरज आहे असं मला वाटलं आणि ती गरज मीच भागवावी असंही वाटलं, यात माझ्यापेक्षा माझ्या दुकानाचा दोष जास्त. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म असं आमचं दुकान. पण हल्ली पोरं फॉर्म मोबाइलवरच भरतात आणि माझ्याकडे फक्त पेन मागायला येतात. पेनही परत देत नाहीत.

अशात पुण्याच्या भाच्यानं सांगितलं, "मामा, एक बाई रोज रात्री लाइव्ह येते, टॅरोची पानं पिसते, एका प्रश्नाचे एक्कावन्न घेते." मी विचारलं, त्याला लागतं काय? म्हणाला, "कॉन्फिडन्स." तो माझ्याकडे नव्हता, पण रिंगलाइट ठेवायला जागा होती.

पानं ऑनलाइन मागवली. अठ्ठ्याहत्तर पानं आणि मुंगीच्या पायांनी लिहिल्यासारखी एक इंग्रजी पुस्तिका. नेट धुंडाळलं तेव्हा कळलं की पंधराव्या शतकात इटलीतली मंडळी या पानांनी चक्क पत्ते खेळायची. पुढं अठराव्या शतकात एका फ्रेंच गृहस्थानं ती प्राचीन इजिप्तची विद्या असल्याचं ठोकून दिलं आणि लोकांनी ते मानलं. आज सगळीकडे दिसतात ती चित्रं लंडनमध्ये 1909 साली छापली गेली. ती काढली पामेला कोलमन स्मिथ या बाईंनी. इतकं मोठं काम करून त्यांना मोबदला अगदीच किरकोळ मिळाला होता. हे मी पानं मागवण्याआधी वाचायला हवं होतं.

आईनं पाकीट उघडताच तेरावं पान पाहिलं, घोड्यावर बसलेला सांगाडा, आणि माझ्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या. मला म्हणाली, "झेरॉक्स काय वाईट होती रे?"

मोबाइलवरून यूट्यूबवर लाइव्ह जायचं तर निदान पन्नास सबस्क्रायबर लागतात. ते मी कसे गोळा केले हे सांगायला लाज वाटते, पण तुमच्यापासून काय लपवायचं? आधार कार्डाची झेरॉक्स काढायची, हातात धरून ठेवायची आणि आधी मोबाइलवरचं बटण दाबायला लावायचं. सातबारावाल्यांना दोन फोनवरून दाबायला लावलं. सुपरचॅटचे पैसे मिळायला पाचशे सबस्क्रायबर आणि वर्षात तीन हजार तास बघितलं जाणं लागतं असं कळल्यावर तो नाद सोडला आणि भाच्याच्या सल्ल्यानं क्यूआर कोडच फोटो म्हणून स्क्रीनच्या कोपऱ्यात चिकटवला. क्यूआर छापून, लॅमिनेट करून द्यायचा तर माझा धंदाच.

पहिल्या रात्री नऊ वाजता शटर अर्धं खाली ओढून बसलो. चार जण बघत होते. त्यातला एक माझाच दुसरा फोन. कोणीतरी लिहिलं, "तो परत येईल का?" बऱ्याच जणांना हेच विचारायचं असतं हे मला पुढं कळलं, 'तो' कोण ते कोणी सांगत नाही. मी पान काढलं, उलटं निघालं. टॅरोत पान डोकं खाली करून आलं की अर्थ फिरतो म्हणतात. दुसरं काढलं, तेही उलटं. त्या रात्री एकूणएक पान उलटं निघालं आणि मी बघणाऱ्यांना दटावून सांगितलं की काळ कठीण आहे.

असाच एका शेतकऱ्यानं प्रश्न टाकला, सोयाबीन विकू का थांबू? निघाली सात नाणी. चित्र बघाल तर आमच्याच शिवारातलं वाटेल: एक माणूस कुदळीच्या दांड्यावर टेकून वेलाला लागलेल्या नाण्यांकडे बघत उभा. सरळ असेल तर धीर धरा, पण माझ्याकडे उलटं. म्हटलं, "थांबू नका, विकून मोकळे व्हा." त्यानं चार दिवसांपूर्वीच विकलं होतं. बायकोला पटवायला कोणीतरी मोठं माणूस हवं होतं, एवढंच.

आणि मग आला तो प्रश्न: "दळण कधी येणार?" नाव वाचायची माझी पद्धत नाही. गंभीर चेहऱ्यानं पान काढलं, आठ तलवारी. डोळ्यांवर पट्टी, अंगाला दोऱ्या बांधलेली बाई, अर्थातच उलटी. मी आवाज खाली आणून म्हणालो, "ताई, तुमची या बंधनातून लवकरच सुटका होणार आहे." लगेच खाली उमटलं, "ताई कोणाला म्हणता? डबा पायरीवर ठेवलाय." जेवताना ही काही बोलली नाही. मुलगी मात्र वरण वाढताना "मामा, आणखी देऊ?" म्हणाली.

आठव्या दिवशी नगरच्या एका बाईंनी लिहिलं, "काका, पान सरळ आहे. उलटे तुम्ही बसलात." मोबाइल समोर, मी पलीकडून, लोकांना नीट दिसावं म्हणून प्रत्येक पान मी त्यांच्याकडे तोंड करून मांडत होतो आणि माझ्या बाजूनं वाचत होतो. म्हणजे आठवडाभर मी अर्ध्या महाराष्ट्राचं वाटोळं सांगितलं होतं, आणि ते सरळ पानांवरून.

समोरच्या शाळेतले विज्ञानाचे गुरुजी खूश झाले. पुण्यात जयंत नारळीकरांनी 2008 साली ज्योतिषाची चाचणी घेतली होती, ती त्यांनी मला तिसऱ्यांदा ऐकवली: 27 ज्योतिषांना प्रत्येकी 40 कुंडल्या दिल्या, हुशार मुलाची कोणती आणि मतिमंद मुलाची कोणती एवढंच ओळखायचं होतं, 46 टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं तरी पन्नास येतात. मी म्हटलं, "गुरुजी, मग उलटं वाचणाऱ्याची चोपन्न यायला हवीत." गुरुजी छडी शोधल्यासारखं इकडंतिकडं बघायला लागले.

आता पैशाचं. रोज रात्री लाइव्ह चालू असताना समोरच्या बंद चहाच्या टपरीतून मधूनच एक बाई बोलायची: "एक्कावन्न रुपये प्राप्त झाले." टपरीवाला स्पीकर बंद करायला विसरत असणार. पण मला तो शकुनच वाटला. मी पानं थांबवून कॅमेऱ्याला म्हणायचो, "ऐका, लक्ष्मी बोलतेय." माझ्या खात्यात मात्र दमडी नव्हती. भाचा म्हणाला, बँकेला वेळ लागतो.

नवव्या दिवशी सकाळी टपरीवाला काउंटरवर आला. "काका, रात्री कोणी तरी एक्कावन्न-एक्कावन्न टाकतंय. सात वेळा झालं. एवढ्या रात्री एक्कावन्नचा चहा पितंय कोण?" मी कॉम्प्युटर उघडला. 'क्यूआर फायनल' माझा होता. मी चिकटवला होता तो 'क्यूआर फायनल 2', म्हणजे दिवाळीत त्याच्यासाठीच छापून लॅमिनेट केलेला. लॅमिनेशनचे वीस रुपये त्यानं अजून दिलेले नाहीत.

सात गुणिले एक्कावन्न, तीनशे सत्तावन्न. त्यानं ते दुधाला देऊन टाकले होते. शेवटी दहा रुपयांचा एक या हिशोबानं पस्तीस चहा माझ्या नावावर लिहिले, वरचे सात रुपये लॅमिनेशनच्या उधारीत मिळवले, आणि त्याच्या वहीत मी आता 'टॅरोवाले काका' आहे. तुम्ही बसा ना, दोन सांगतो. आजचे धरून तेरा झाले.