बसच्या डॅशबोर्डावरील यंत्रास अनावृत पत्र

प्रति,
श्री. टॅकोग्राफ,
मुक्काम डॅशबोर्ड, प्राग-व्हिएन्ना-बुडापेस्ट-क्राकुफ मार्गावरील एक पर्यटक बस



बारा दिवस एका छताखाली राहूनही आपली आणि बसमधल्या तरुण मंडळींची ओळख होत नाही, याचे वाईट वाटून हे पत्र लिहीत आहे. ती मागे गाणी लावून बसलेली असतात. आपण पुढे, चालकाच्या हाताशी, मुकाट्याने मिनिटे मोजत असता. युरोपीय संघाचा ५६१/२००६ क्रमांकाचा नियम आपल्याला तोंडपाठ आहे. चालकाने दिवसाला ९ तास गाडी हाकावी, आठवड्यातून फार तर दोनदा १०. साडेचार तास झाले की ४५ मिनिटे चाक सोडावे. रोज सलग ११ तास विसावा घ्यावा, तो ९ तासांवर आणायचा तर तेही मोजून मापून. आठवड्याला ५६ तासांच्या वर आणि लागोपाठच्या दोन आठवड्यांत मिळून ९० तासांच्या वर गाडी चालवू नये. ‘अजून अर्धा तास ओढतो, पुढच्या पंपावर थांबू’ हे आपल्यापुढे चालत नाही. तो दमला आहे का, असे आपण विचारतच नाही. माणूस साडेचार तासांनी दमतो, त्याला स्वतःला तसे वाटो वा न वाटो, हे धरूनच चालता. मध्य युरोपच्या सहलीत माणसाच्या मर्यादेची इतकी कदर दुसरे कोणीही करत नाही.

तक्रार एवढीच, की ही कदर पन्नासांतल्या एकाच्याच वाट्याला येते. बाकीचे एकोणपन्नास समजतात की कार्यक्रम टूर मॅनेजरने आखला आहे. टूर मॅनेजर समजतो की तो मुंबईच्या ऑफिसने आखला आहे. वस्तुतः तो आपण आखलेला असतो. प्राग ते व्हिएन्ना सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास; म्हणजे चार-साडेचार तास, वर आपली सक्तीची विश्रांती, वर सामान चढवणे-उतरवणे, वर जेवण. मोठ्या बसला जुन्या गावठाणात शिरता येत नाही, म्हणून बाहेर उतरून चालणे. मग रात्री बस वेळेवर उभी राहिली पाहिजे, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी ती हलणार नाही. एवढे सगळे वजा करून जे उरते त्याला माहितीपत्रकात ‘व्हिएन्ना दर्शन’ म्हणतात. त्या उरलेल्याचीही वाटणी व्हायची असते. त्यासाठी एक स्वतंत्र परिभाषा तयार आहे: बसमधून न उतरता पाहिले तर ‘ड्राइव्ह पास्ट’, उतरून लगेच चढले तर ‘फोटो स्टॉप’, गाइडच्या छत्रीमागे तासभर चालले तर ‘ओरिएंटेशन टूर’. शहराच्या आत जाणे बहुधा ‘ऑप्शनल’ असते आणि त्याचे पैसे वेगळे. माझे म्हणणे असे की या सहलींचा दोष घाई हा नाही. कुठे किती थांबायचे हे ती जागा ठरवत नाही, बस ठरवते, हा खरा दोष आहे.

हालश्टाट घ्या. ऑस्ट्रियातल्या तळ्याकाठच्या या गावाची वस्ती आठशेच्याही आत, आणि मोसमात एका दिवशी येणारे पाहुणे दहा हजारांपर्यंत. बसगाड्या इतक्या झाल्या की २०२० पासून गावाला बससाठी वेळ आरक्षित करण्याची पद्धत आणावी लागली. २०२३ मध्ये तर सेल्फीच्या जागेवर गावाने लाकडी कुंपण घालून पाहिले. आरडाओरडा झाला तसे ते काढले. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात या गावाची अख्खी नक्कल २०१२ मध्येच उभी राहिली आहे, आणि फोटोपुरतेच बोलायचे तर ती वाईट नाही. पण हालश्टाट हे नाव पुरातत्त्वाच्या पुस्तकांत येते ते तळ्यामुळे नव्हे. १८४६ पासून तिथल्या खाणीचा एक अधिकारी, योहान गेओर्ग रामझाउअर, डोंगरातल्या कबरी उकरत राहिला, त्या हजाराच्या घरात निघाल्या, आणि युरोपच्या आरंभीच्या लोहयुगातल्या एका संस्कृतीला या खेड्याचे नाव पडले. वरच्या मिठाच्या खाणीत लाकडी जिना सापडला आहे. त्याची लाकडे इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकात तोडलेली. म्हणजे आपल्याकडे भाजे-कार्ले कोरायला सुरुवात व्हायच्या हजारएक वर्षे आधी इथले मजूर पाठीवर मीठ घेऊन पायऱ्या चढत होते. हे पाहायला डोंगरावर जावे लागते, आणि डोंगर फोटो स्टॉपमध्ये बसत नाही.

व्हिएन्नात तर गंमतच होते. या शहराने जगाला दिलेल्या गोष्टींत एक कॉफीहाउस आहे: संगमरवरी मेज, एक कप, सोबत पाण्याचा पेला, आणि तेवढ्यावर वर्तमानपत्र वाचत दुपारभर बसलेल्या गिऱ्हाइकाला ऊठ न म्हणणारा वेटर. २०११ मध्ये ऑस्ट्रियाने ही परंपरा आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंदवली. तिथे विकायला असतो तो वेळ, कॉफी हे निमित्त. आपली मंडळी त्या कॉफीहाउसच्या दारापर्यंत जातात, पाटीचा फोटो घेतात आणि कॉफी कागदी पेल्यात बांधून बसकडे पळतात. इराण्याच्या हॉटेलात वाढलेल्या मुंबईकराला यातले काय निसटले हे समजावून सांगण्याची गरज पडू नये.

बुडापेस्टमध्ये गंमत थांबते. तरुणांच्या सहलीत तिथली रात्र ‘रुइन पब’साठी राखलेली असते. पडक्या वाड्यांत मोडक्या खुर्च्या मांडून थाटलेले हे पब खरोखरच मजेदार आहेत. पण ते वाडे पडके का होते? हा सातवा जिल्हा, जुनी ज्यू वस्ती. १९४४ च्या अखेरीस इथेच घेटो करून हजारो माणसे कोंडली गेली. जानेवारी १९४५ मध्ये सोव्हिएत फौजा आल्या तेव्हा घेटोची भिंत उठली. तिथून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, डॅन्यूबच्या काठावर, लोखंडी बुटांच्या साठ जोड्या २००५ पासून मांडलेल्या आहेत. ज्यूंना गोळ्या घालून नदीत ढकलण्याआधी जी पायताणे काढायला लावली त्यांची ती आठवण. तरुणांनी पबमध्ये जाऊ नये, असे मी म्हणत नाही. पण सकाळच्या पंधरा मिनिटांत जोडे आणि रात्रीच्या तीन तासांत पब, आणि दोन्ही एकाच हकिकतीचे तुकडे आहेत हे सांगायला मध्ये एक मिनिटही नाही, ही वाटणी कोणी केली? आणि क्राकुफहून एकाच दिवसात ऑशविट्झ आणि व्येलिच्काची मिठाची खाण ‘करून आणतात’. अकरा लाख माणसे जिथे मारली गेली ती जागा नुसती गाइडबरोबर फिरायलाच साडेतीन तास लागतात. त्यानंतर माणसाला काही काळ काहीच न करण्याची गरज असते. कार्यक्रमपत्रिकेत त्या जागी खाणीतली आठशे पायऱ्यांची वाट आहे.

पोलंडच्या बाबतीत मराठी प्रवाशाचे आणखी एक नुकसान होते. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत पाचएक हजार पोलिश निर्वासित राहिले. सायबेरियाच्या हद्दपारीतून सुटलेल्या बायकामुलांना तिथे शाळा मिळाल्या, चर्च मिळाले, पोटाला अन्न मिळाले. वॉर्सात कोल्हापूरचे नाव असलेले स्मारक आहे. सांगली-कोल्हापूरकडचा एखादा मुलगा पोलंडच्या रस्त्यावरून जात असतो तेव्हा तो परक्या देशात नसतो, एका जुन्या ओळखीच्या घरी आलेला असतो. पण ओळख निघायला दोन वाक्ये बोलावी लागतात, आणि क्राकुफच्या चौकात दिलेला मोकळा वेळ मॅग्नेट घेण्यात जातो.

आता आपल्या बाजूने कोणी म्हणेल की गरिबाने दुसरे करावे तरी काय. हा आक्षेप वजनदार आहे. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा काढायचा म्हणजे ९० युरो शुल्क, ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा, बँकेचे उतारे, राहण्याच्या जागेचा पुरावा. नव्या नोकरीतल्या मुलाला रजा मिळते दहा-बारा दिवसांची. आणि मुलगी एकटी निघाली तर घरचे पन्नास प्रश्न विचारतात, गटाबरोबर निघाली तर दोनच. हे सगळे मान्य. पण यातले एकही कारण इतक्या शहरांची मागणी करत नाही. व्हिसा तीन शहरांनाही तोच, विमाही तोच, सोबतही तीच. उलट व्हिएन्नाहून रेल्वेने ब्रातिस्लाव्हा तासाभरावर आणि बुडापेस्ट पावणेतीन तासांच्या आत आहे. म्हणजे व्हिएन्नात मुक्काम टाकून तिथूनही गटाने जाता येते, रोज बॅग भरावी लागत नाही. सोबतीचे तर मला कौतुकच आहे. १९६२ मध्ये जॉन अँडरसन या न्यूझीलंडच्या तरुणाने लंडनहून मिनीबसमध्ये समवयस्क घेऊन युरोप फिरवला आणि त्यातून ‘कॉन्टिकी’ उभी राहिली, १८ ते ३५ वयाच्यांसाठी. अनोळखी माणसांशी दहा दिवसांत जिवाभावाची मैत्री होते ती अशा बसमध्येच. मैत्रीला मात्र चाके फिरती असण्याची गरज नाही. एकाच गावात चार दिवस भरकटतानाही ती होते, बहुधा जास्तच.

दुसरा आक्षेप आपल्या मातीतला. अष्टविनायक आम्ही दोन दिवसांत करतो, तेव्हा कोणाला काही वाटत नाही. मग प्रागलाच एवढे का जपायचे? कारण ओझरला किंवा मोरगावला रांगेत उभा असलेला माणूस गोष्ट घरून घेऊन आलेला असतो. आजीने सांगितलेली, आरतीत घोळलेली. दर्शन एका क्षणात पुरे होते, कारण तयारीत सगळे बालपण गेलेले असते. प्रागच्या घड्याळाखाली तो गोष्टीशिवाय उभा असतो. १४१० पासूनचे ते यंत्र, तासाच्या ठोक्याला मिनिटभर प्रेषितांच्या बाहुल्या फिरतात, खिडक्या मिटतात, आणि गर्दीतून ‘एवढंच?’ असा उद्गार निघतो. त्याचे बरोबरच आहे. गोष्ट माहीत नसलेल्या माणसाला तेवढेच असते.

राहता राहिला शिष्टपणाचा आरोप: कोणी किती पाहावे हे सांगणारे तुम्ही कोण? हाच प्रश्न चालकानेही आपल्याला विचारला असता. माणसाचे लक्ष हेही दमते. शेवटच्या शहरात पाचव्या राजवाड्यापुढे ते किती शिल्लक असते हे कोणत्याही बसच्या मागच्या रांगेतले झोपलेले चेहरे सांगतील. आणि ऑगस्ट २०२३ पासून नव्या गाड्यांत बसणारी आपली पिढी तर सरहद्द ओलांडल्याचीही नोंद आपोआप करते. शेंगेनमुळे नाक्यावर बस एरवी थांबत नाही. देश बदलल्याचे बसमध्ये कळते ते आपल्याला आणि मोबाइल कंपनीला. मग इतके देश पाहिले कोणी?

म्हणून विनंती आहे. आपल्याला आवाज नाही, पण आपल्याकडे आकडे आहेत, आणि ते खोटे बोलत नाहीत. सहल कंपन्यांना ते छापायला लावा. माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर देशांची संख्या मोठ्या टायपात असते. तिच्याखाली तेवढ्याच टायपात, दर शहरात बसच्या बाहेर, पायांवर, किती तास मिळणार हे लिहिलेले असावे. आणि पैसे भरण्यापूर्वी हा एक आकडा विचारण्याची सवय आमच्या तरुणांनी लावून घ्यावी. टूर मॅनेजरला तो माहीत असतोच.



आपला,
एक हितचिंतक

ता. क. — आपल्या चालकाला आता चालू दिवस आणि मागचे ५६ दिवस एवढी नोंद जवळ बाळगावी लागते, रस्त्यात कोणी विचारली तर दाखवायला. प्रवाशांना परत आल्यावर कोणी विचारत नाही.