आबांची गुंतवणूक

खांडबाऱ्यात आबांना गाठायचं तर मान वर करायची. आबा घराच्या छपरावर असतात. निवृत्तीचे पैसे आले तेव्हा सोबतच्या कुणी एफडी केली, कुणी नंदुरबारला प्लॉट घेतला. आबांनी सगळी पुंजी आजोबांच्या पडक्या घरात ओतली. घर पडायला आलं की साधा माणूस त्याला खर्च म्हणतो. आबा गुंतवणूक म्हणतात. असा एक आबा हल्ली बहुतेक बाजारगावांत सापडतो.

१९०० च्या सुमारास ताप्ती व्हॅली रेल्वे आली, स्टेशन झालं आणि त्यामागून व्यापार आला. त्या बरकतीतलं हे घर. सागवानी खांब, पुढे ओटा, वर माडी आणि कौलं. ते दुरुस्त करून भाड्यानं द्यायचं, हा बेत. भाडेकरू कोण, हा प्रश्न आबांना कधी पडलाच नाही. शाळा आहे, बँक आहे, रेल्वे आहे, माणसं काय झाडावर राहतील?

काम दोन महिन्यांचं ठरलं होतं. हे तिसरं वर्ष.

आबांची खांब तपासायची रीत बघण्यासारखी आहे. आधी चष्मा कपाळावर चढवायचा, मग मुठीनं ठोकायचं आणि कान लावायचा. 'टण' वाजलं की खांब जिवंत. 'भद' वाजलं की आबांचा चेहराही भद्द. अशाच एका खांबाला मिस्त्रीनं चाकूचं टोक लावलं, तर ते मुठीपर्यंत आत गेलं. मिस्त्री म्हणाला, "आबा, हाऊ खांब गया." आबा तिथेच ओट्यावर बसले. त्या दिवशी घरात चूल पेटली, पण आबा जेवले नाहीत.

सिमेंटचं नाव काढलेलं त्यांना खपत नाही. त्यानं जुन्या भिंतीत ओल अडकते, म्हणून चुनाच हवा. चुना विरवायचा, त्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी घालायचं. गुळाचा खडा चहात पडायच्या आधी चुन्याच्या घाणीत पडतो, ही काकूंची तक्रार. मुंग्यांची मात्र काहीच तक्रार नाही. पहिल्या गिलाव्यावर आल्या त्या अजून मुक्कामाला आहेत. भाड्याशिवाय.

हिशेबाची वही आबा कुणालाही दाखवतात. डाव्या पानावर खर्च, उजव्या पानावर येणारं भाडं. डावीकडची पानं भरून पुरवण्या चिकटवाव्या लागल्या. उजवीकडे पेन्सिलीनं लिहिलेला एकच आकडा आहे, तोही तीनदा खोडलेला.

मागच्या जूनमध्ये एक गुरुजी आले. खोली बघितली, माडीचं कौतुक केलं, खांबावरच्या कोरीव पोपटावरून हात फिरवला. आबा विरघळले. म्हणाले, "सामान कधी आणताय?"

गुरुजी म्हणाले, "सामान कशाला आबा? मी नंदुरबारहून अप-डाउन करतो. मुख्यालयी राहतो असं दाखवायला तेवढा करारनामा पाहिजे."

त्यानंतर अशी आणखी चार माणसं येऊन गेली. सगळ्यांना आबांच्या घरी कागदावर राहायचं होतं. आबा कायद्याचा माणूस. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकावर टाकली आहे, हे त्यांना तोंडपाठ. "नोंदवलेल्या कागदावर खोटं लिहू?" म्हणून पाचही जणांना त्यांनी चहा पाजून वाटेला लावलं. दुसऱ्या कुणी प्रत्येकी पाचशे घेऊन थोडा तरी खर्च भरून काढला असता. माझं मत विचाराल तर आबा गुंतवणूकदार म्हणून साफ नापास आहेत.

सध्या माडीवर मिस्त्रीच राहतो. पावसात ये-जा कशाला, म्हणून आबांनीच त्याला वर बोलावलं. त्याचं भाडं मजुरीतून वळतं व्हायचं ठरलंय, पण मजुरीच थकलेली असल्यानं आता आबाच त्याला देणं लागतात.

खालच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. खरोखर राहायला येणारं कुणी ओळखीत असेल तर कळवा. मुंग्यांचं चालवून घ्यावं लागेल.