चारही दिवे

आमच्या धाराशिव जिल्ह्यात रस्त्यात ट्रक बंद पडला की क्लीनर आधी बाभळीकडे धावतो. एक काटेरी फांदी तोडायची, ट्रकच्या मागे आडवी टाकायची, तिच्याही मागे चार धोंडे मांडायचे आणि मग जॅक शोधायचा. दुरुस्ती झाली की ट्रक निघून जातो, धोंडे तिथेच राहतात. रात्री ते एखाद्या मोटरसायकलच्या चाकाला बरोबर सापडतात.

ही वेळ येऊ नये म्हणून गाडीत लाल त्रिकोणाचं एक बटण दिलेलं असतं. दाबलं की चारही इंडिकेटर एकदम उघडझाप करू लागतात. ‘गाडी अडली आहे, जरा जपून’ एवढाच त्यांचा निरोप. पण आम्ही त्या निरोपाला बरेच अर्थ जोडलेत. चौकातून सरळ जायचंय, लावा चारही दिवे. रसवंतीपुढे भर रस्त्यात गाडी उभी करायचीय, लावा चारही दिवे. म्हणजे पोलिसालाही कळतं की चूक आपल्याला मान्य आहे, फक्त रस पिऊन होईपर्यंत थांबा. वरात असो नाहीतर पुढाऱ्याचा ताफा, दिवे लुकलुकलेच पाहिजेत. आणि तुळजापूरच्या घाटात खरोखरच टायर बसतो, मागून उसाची ट्रॉली येत असते, तेव्हा मात्र बटण दाबूनही अंधारच राहतो.

माझी गाडी मारुती 800. ही गाडी डिसेंबर 1983 मध्ये बाजारात आली आणि जानेवारी 2014 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. रस्त्यावरून हटायचं मात्र तिने अजून मनावर घेतलेलं नाही. तिचे साइडचे दिवे ठणठणीत. चारही दिवे एकदम म्हटलं की गप्प. गावातल्या वायरमनने बॉनेटही न उघडता विचारलं, “साइड लागतात का ओ?”

“लागतात की.”

“मग अर्धं काम झालं बगा.”

झालंच होतं. साइड देताना लागणारे बल्ब तेच, त्यांना टिक-टिक करायला लावणारा फ्लॅशरही तोच. साइड लागते म्हणजे बल्ब आणि फ्लॅशर निर्दोष सुटले. फरक करंटच्या वाटेत असतो. साइडला करंट चावी फिरवल्यावर मिळतो. या चार दिव्यांना तो वेगळ्या फ्यूजमधून थेट बॅटरीकडून येतो, कारण चावी खिशात घालून मालक मेकॅनिक शोधायला गेला तरी दिवे चालू राहिले पाहिजेत. आता संशयित उरले दोनच, फ्यूज आणि बटण.

वायरमनने टेस्ट लॅम्पचा चिमटा बॉडीच्या लोखंडाला लावला आणि टोक फ्यूजच्या एका बाजूला टेकवलं. दिवा लागला. दुसऱ्या बाजूलाही लागला. बटणात जाणाऱ्या वायरीत करंट होता, बाहेर येणारीत नव्हता. आरोपी सापडला.

बटण उघडण्याआधी त्याने मांडीवर टॉवेल पसरला. कशाला, ते लगेच कळलं. झाकण निघताच आतून एक स्प्रिंग आणि ज्वारीच्या दाण्याएवढा छर्रा टुणकन उडाला आणि टॉवेलात पडला. आतली तांब्याची पट्टी काळी पडली होती. प्रत्येकी साधारण 21 वॉटचे चार बल्ब म्हणजे 84 वॉट. 12 व्होल्टच्या बॅटरीतून 7 अँपिअर करंट त्या नखाएवढ्या पट्टीवरून जायचा असतो. काजळी धरल्यावर तो जाणार कुठून? पॉलिश पेपर चार वेळा फिरला, तांबं लाल झालं, स्प्रिंग-छर्रा जागेवर बसले आणि गाडी चारही कोपऱ्यांनी बोलू लागली. मागचा डावा दिवा जरा मिणमिणता होता. त्याच्या अर्थिंगचा गंजलेला स्क्रू खरवडताच तोही तेजाळला.

“बटण खराब नव्हतं ओ,” बिडी पेटवत तो म्हणाला. “वापरलंच नाही कवा. दाबत ऱ्हायलं की पट्टी पट्टीला घासती, आपोआप साफ ऱ्हाती.”

हे तांब्यापुरतं खरं असतं तर मी विसरून गेलो असतो. पण या मुलखात अडचण बोलून दाखवायची पद्धतच नाही. पाऊस ओढ देतो, बोअर आटते, सोयाबीनला भाव नसतो, ‘कसं काय?’ म्हटलं की ‘बरं हाय’. लुकलुकायचं ते वरातीत. ऐन वेळी तोंड उघडावं म्हटलं तर शब्दच फुटत नाही. इतकी वर्षं तो घासलाच गेलेला नसतो.

वायरमनचा सल्ला मानून मी आता अधूनमधून घरापुढेच चारही दिवे लावून बघतो. परवा असेच लावले, तर शेजारचे अण्णा चप्पल न घालताच आले.

“काय झालं ओ? गाडी बंद पडली का?”

“नाही अण्णा, तपासतोय नुसतं. तुमचं कसं काय?”

“बरं हाय,” अण्णा म्हणाले. पण गेले नाहीत. बॉनेटला टेकून उभे राहिले आणि जरा वेळाने म्हणाले, “मोटार जळलीय ओ विहिरीवरची. वायंडिंगवाला आठ दिवस म्हणतोय. तुमच्या वळखीचा कुणी हाय का?”