पाचव्या पात्याचं काम काय?

रेझरच्या पाकिटावर एक चित्र असतं. हनुवटीचा एकच केस, विजेच्या खांबाएवढा जाड, आणि त्याच्या अंगावर एकामागोमाग चालून येणारी पाती. पहिलं पातं केस ओढून किंचित वर काढतं आणि तो पुन्हा आत सरकायच्या आधी दुसरं त्याला छाटतं. १९७१ साली अमेरिकेत दोन पात्यांचा रेझर आला तेव्हा गिऱ्हाइकाला हे शास्त्र ऐकवलं गेलं आणि ते पटण्यासारखं होतं. एकाने धरायचं, दुसऱ्याने मारायचं, गल्लीतल्या मारामारीतही हीच पद्धत असते. भानगड पुढे सुरू होते. १९९८ साली तिसरं पातं आलं, २००३ साली चौथं, २००६ साली पाचवं. केस तर दुसऱ्यानेच कापला. मग उरलेली तीन पाती काय पंगतीला बसली आहेत?

बरं, पाचांवर भागलं म्हणावं तर तेही नाही. त्या रेझरच्या पाठीला सहावं पातं आहे, एकटंच, कल्ले कोरायला आणि नाकाखाली फिरवायला. पाच पाती मांडून डोकं एवढं रुंद झालं की नाकाखालच्या बोळात ते नीट शिरेना. आधी मोठी बस घ्यायची आणि ती गल्लीत जात नाही म्हणून तिच्या मागे रिक्षा बांधायची!

इथपर्यंत हसण्यावारी नेता येईल. पण विनोदी लिहून पोट भरणाऱ्या माणसाची तक्रार वेगळी आहे आणि ती कोणी ऐकून घेत नाही. १९७५ साली अमेरिकेत टीव्हीवरच्या एका विनोदी कार्यक्रमात तीन पात्यांच्या रेझरची खोटी जाहिरात दाखवली गेली. दोन पात्यांवर भुललेला माणूस तीनवरही भुलेल, ही त्यातली चेष्टा. लोक पोट धरून हसले आणि तेवीस वर्षांनी तीन पात्यांचा रेझर दुकानात आला. पुढे चार झाली तेव्हा २००४ साली तिथल्याच कोणीतरी वैतागून, आता पाच करून टाका, अशी थट्टा छापली. ती खरी व्हायला दोन वर्षंही पुरी लागली नाहीत. तेवीस वर्षांवरून दोन वर्षं! विनोद शिळा होतो हे लिहिणाऱ्याला ठाऊक असतं, पण तो साच्यात ओतून, पाकिटात घालून, वर किंमत छापून परत आपल्यालाच विकला जातो, हा कुठला न्याय? बरं, मानधन नाही ते नाही, निदान एक पाकीट तरी घरी पाठवावं. आता सात म्हणून थट्टा करावी तर सात पात्यांचा रेझरही बाजारात येऊन गेला आहे. दहाचा आकडा लिहायला हात धजत नाही, न जाणो कुणी उचलला तर.

दांडा फुकटात द्यायचा आणि पात्यांवर जन्मभर कमवायचं, ही या धंद्याची युक्ती व्यापारशास्त्राच्या वर्गात मोठ्या भक्तिभावाने सांगितली जाते. मौज म्हणजे सुरुवातीला तसं काही नव्हतं. बदलत्या पात्याच्या दांड्याला अमेरिकेत १९०४ साली पेटंट मिळालं आणि दांडा विकला जाई पाच डॉलरला, त्या काळी ही चैनच. १९२१ साली पेटंट संपलं, कोणीही दांडा बनवू शकेल अशी वेळ आली, तेव्हा कुठे तो स्वस्त झाला. दानत स्पर्धकांनी शिकवली.

पण त्या जुन्या दुधारी पात्याबद्दल एक शब्द वाईट बोलता येणार नाही. दाढीला बोथट झालं की ते निवृत्त होत नसे. घरात त्याने नखं निघत, शिवण उसवली जाई, मुलांच्या पेन्सिलींना टोकं येत. आणि ते कोणत्याही दांड्यात बसे! आजच्या मध्यमवर्गीय गृहस्थाच्या न्हाणीघरात चार दांडे उभे असतात आणि एकाचं डोकं दुसऱ्याच्या मानेवर बसत नाही. कंपनी तीच, रंग तोच, खाच मात्र अर्ध्या मिलिमीटरने वेगळी. ही बिनपाण्याने केलेलीच आहे, वर फेसाचा डबा वेगळा घ्यावा लागतो. पाच पात्यांचं ते डोकं बोथट झालं की केराच्या टोपलीखेरीज कुठे जायच्या लायकीचं उरत नाही. त्याने कोणी पेन्सिलीला टोक काढून दाखवावं.

इकडे कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये गिऱ्हाईक मान मागे टाकून बसतं आणि डोळे मिटायच्या आधी सांगतं, ‘नवीन ब्लेड लावा.’ कारागीर कागदात गुंडाळलेलं ब्लेड उचलतो, कागदासकट मधोमध वाकवतो. कट्. अर्धं वस्तऱ्यात जातं, उरलेलं अर्धं कागदातच राहतं, शेजारच्या खुर्चीसाठी.