कोरडं राहण्याचा हट्ट

जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चालायला निघालेल्या माणसाच्या सॅकमधली सगळ्यात महाग वस्तू म्हणजे रेनकोट, आणि सगळ्यात निरुपयोगी वस्तूही बहुधा तीच. हे दुकानदारांना रुचणार नाही, आणि ज्यांनी परवाच घेतलाय त्यांना तर मुळीच नाही. पण माझं भांडण एकट्या रेनकोटशी नाही. दोन दिवस धो धो पावसात चालायचं आणि तरी कोरडं राहायचं, हा संकल्पच मला मान्य नाही. पावसात माणसाने ऊब सांभाळावी. कोरडेपणाचा नाद सोडावा.

आधी तिथला पाऊस कसा असतो ते पाहू. कोल्हापूर शहरात वर्षाला १००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पश्चिमेला घाटमाथ्यावरच्या गगनबावड्यात त्याच्या निदान पाचपट. पन्हाळ्याहून निघालेली वाटही पश्चिमेलाच जाते, म्हणजे जसजसे पाय थकत जातात तसतसा पाऊस ताजातवाना होत जातो. मसाई पठारावर देवीचं मंदिर सोडलं तर आडोसा नाही, आणि वारा असा की पाऊस वरून पडायचं सोडून आडवा येतो. रेनकोट शिवणाऱ्याने मात्र फक्त वरून पडणाऱ्या पावसाचा विचार केलेला असतो. आडवा पाऊस बाहीतून शिरतो, टोपीच्या कडेने मानेवर येतो आणि तिथून पाठीच्या पन्हळीतून निवांत खाली उतरतो. छत्रीवाल्यांनी हसू नये. पठारावर तिच्या काड्या पहिल्या पाच मिनिटांत आकाशाकडे वळतात.

बरं, रेनकोट अगदी अभेद्य आहे असं धरून चालू. तरीही सॅक घेऊन चढ चढणारा माणूस तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज गाळतो. बाहेरचं पाणी बाहेर राहिलं, पण आतलंही आतच राहिलं. आत माणूस उकडीच्या मोदकासारखा शिजतो. यावर जाणकार सांगतात की आता ‘श्वास घेणारं’ कापड मिळतं. मिळतं खरं. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोर टेफ्लॉनच्या तापवलेल्या कांड्या हळूहळू ताणून पाहत होते आणि त्या तुटत होत्या. शेवटी त्यांनी एकीला जोराचा हिसका दिला आणि ती न तुटता कितीतरी पट लांब झाली. अशा ताणलेल्या पडद्याची छिद्रं इतकी बारीक, की पाण्याचा थेंब आत येत नाही आणि घामाची वाफ मात्र बाहेर जाते. शोध थोरच आहे. फक्त वाफ झपाट्याने बाहेर जायला बाहेरची हवा बऱ्यापैकी कोरडी लागते, आणि वरचं कापड भिजून चिंब झालेलं चालत नाही. सह्याद्रीतल्या जुलैने या दोन्ही अटी फेटाळल्या आहेत.

आमच्या बाजूची मुख्य साक्षीदार एम्मा गेटवुड या आजीबाई. अकरा मुलांची आई, वय ६७. १९५५ साली त्या अमेरिकेतली ॲपलाचियन ट्रेल, म्हणजे तीन हजारांवर किलोमीटरची डोंगरवाट, एका दमात आणि एकट्याने चालून गेल्या. पायात साधे कापडी बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी, आणि पावसासाठी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा. त्याच ऑगस्टमध्ये कॉनी आणि डायॅन ही दोन चक्रीवादळं पाठोपाठ पूर्व किनाऱ्यावर आली, नद्यांना महापूर आले. आजीबाई भिजल्या आणि चालत राहिल्या. आपल्याकडे हे शहाणपण आणखी जुनं. भातलावणीतलं इरलं पाहा: बांबूच्या काड्यांचा सांगाडा, त्यात पानं दाबून भरलेली, डोक्यापासून कमरेपर्यंत पाठ झाकलेली; पुढची बाजू मात्र सताड उघडी, हात मोकळे. वारा खेळता राहतो, घाम साचत नाही, आणि गुडघाभर चिखलात उभ्या बाईला पाय कोरडे ठेवण्याची काळजी तर नसतेच. घोंगडीची खोळ घेतलेला धनगर तर सरळ भिजतो. पण लोकर ओली झाली तरी बरीचशी ऊब धरून ठेवते. हल्ली खोळ खताच्या पोत्याची असते, तत्त्व तेच.

आता एक आक्षेप, आणि तो हसण्यावारी नेता येत नाही. भिजून माणसं मरतात. मार्च १९६४ मध्ये इंग्लंडच्या डर्बीशायरमध्ये ‘फोर इन्स’ नावाच्या लांब चालीत पाऊस-वाऱ्याने गाठलं आणि तीन तरुण गारठून गेले. एव्हरेस्टच्या १९५३ च्या मोहिमेतले शरीरशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांनी त्या घटनेचा अभ्यास केला. ओल्या कपड्यांत वारा शिरला की त्यांची ऊब जवळजवळ संपते, हे त्यांनी दाखवून दिलं. म्हणून हिमालयात किंवा मार्चमधल्या इंग्लंडात माझा युक्तिवाद कुणी चालवू नये. पण सह्याद्रीतला जुलै बर्फाळ नव्हे. इथे चालतं शरीर स्वतःची शेगडी स्वतः पेटती ठेवतं. धोका थांबल्यावर सुरू होतो. वारा अडवणारं पातळ जॅकेट, आत लोकर किंवा चटकन वाळणारं कापड (जीन्स कदापि नाही), आणि टपरीवर चहा एकच. कुडकुडणारा सोबती अडखळत, असंबद्ध बोलायला लागला, तर मात्र वाद बंद करून त्याला आधी आडोशाला न्यावं आणि कोरडे कपडे चढवावेत.

दुसरा आक्षेप इतिहासप्रेमींचा. त्यांना माझं म्हणणं मिळमिळीत वाटतं. १२ जुलै १६६० च्या रात्री सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज सुमारे ६०० मावळ्यांनिशी भर पावसात निघाले, मग तुमचं जॅकेट तरी कशाला? यावर इतकंच म्हणता येईल की ते एक रात्र आणि एक दिवस जिवावर उदार होऊन धावले, पाठीवर शत्रू होता. आपण तीच वाट दोन दिवसांत, मध्ये मुक्काम करून, पोहे खात चालतो. आपल्यामागे फार तर जळवा असतात.

तेव्हा कोरडं ठेवायचं ते एवढंच: रात्रीचा एक जोड, दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड घट्ट बांधून. मुक्कामाला पोचलं की अंग पुसून तो घालायचा. खरी कसोटी पुढेच आहे. पहाटे तो जोड काढून पुन्हा पिशवीत ठेवायचा आणि दोरीवर रात्रभर न वाळलेली, गारढोण, किंचित आंबूस वासाची पॅंट पायात चढवायची. इथे भले भले डगमगतात, ‘आजच्या दिवस’ म्हणून कोरडी पॅंटच घालून निघतात, आणि नऊ वाजेपर्यंत त्यांच्याकडे दोन ओल्या पॅंटी होतात.